शिरक्याची कोबी

पहिला घास तोंडात गेला आणि मी चावायचा थांबलो.

ताटात त्या भागातलं नेहमीचंच होतं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, डाळ, शेंगदाण्याची चटणी. आणि चटणीला खेटून मूठभर कोबी. केसासारखी बारीक चिरलेली, मीठ लावून पिळलेली, वरून उकळता शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतलेली. आधी आंबट, मागून गुळाची गोडी. इथपर्यंत ठीक होतं. मी थांबलो तो ओव्यावर.

शिरका कुठेही मिळतो, कोबी तर गल्लोगल्ली. पण शिरक्याच्या कोबीत ओवा घालणारी माणसं जगात एकाच ठिकाणी होती, नगर जिल्ह्यातल्या आमच्या मिशन कंपाऊंडात. बंगल्यातल्या अमेरिकन मिसबाईंनी माझ्या लूकसमामांना ही कोबी शिकवली, तेव्हा त्यात त्यांच्या देशाहून आलेलं विलायती जिरं पडायचं. एकदा डबा संपला. मामांनी दिसायला तसाच म्हणून ओवा टाकला. मिसबाई पानातलं निमूट खाणाऱ्यांपैकी. बोलल्या नाहीत. वीस वर्षं बोलल्या नाहीत. त्यामुळे अमेरिकेत कोबीला ओवाच लागतो अशी आमच्या सबंध कंपाऊंडाची समजूत होती, आणि कापणीच्या सणाला मटणाशेजारी ती कोबी नसली तर सण झाला असं कुणी म्हणत नसे.

आणि आता घरापासून एक दिवस अन् एक रात्र दूर, गदगच्या एका खानावळीत, तोच ओवा माझ्या दाताखाली आला होता.

हे एक्याऐंशी सालच्या एप्रिलमधलं. मी तेव्हा दवाखान्यांना पट्ट्या आणि कापूस पुरवणाऱ्या कंपनीत फिरतीवर होतो. मामा कंपाऊंड सोडून गेले त्याला सात वर्षं झाली होती. कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण स्वयंपाक्याला दुसरं काय येणार? कुठेतरी चुलीपाशीच असतील, असा माझा हिशेब. म्हणून ज्या गावात दवाखाना, त्या गावातल्या खानावळी मी जेवून पाहत असे आणि वहीत नोंद ठेवत असे. ‘बिदर. कोबी लिंबातली. बाद.’ ‘रायचूर. दह्यातली. बाद.’ ‘हुबळी. शिरका आहे पण बाटलीतला, ओवा नाही. बाद. दोनदा घेतली.’

नोंदी मी माणसांच्याही ठेवायचो. कोण वाढप्याला नावानं हाक मारतो, कोण भाकरीचा करपलेला तुकडा ताटाखाली सरकवतो. माणूस बोलतो काय यावरून नव्हे, लपवतो काय यावरून मी त्याला ओळखतो, असं मी त्या काळी चारचौघांत सांगत असे.

त्या एप्रिलात मात्र या शोधात मौज उरली नव्हती. माझी धाकटी बहीण प्रिस्का सत्तावीस वर्षांची झालेली. जालन्याचा मास्तर, भलं स्थळ, वर्षभर थांबलेलं. आमचे वडील मी दहा वर्षांचा असताना गेले. पुढे आम्हा दोघांना वाढवलं ते आईच्या या धाकट्या भावानं. आईनं एकच धरून ठेवलं होतं, ‘वेदीपुढं पोरीचा हात लूकस देईल. तो येईस्तवर तारीख धरायची नाही.’ जालनेकरांचा निरोप आला होता, मे अखेर. त्यानंतर ते दुसरीकडे बघायला मोकळे.

“कोबी अजून वाढू?”

वाढणाऱ्या बाई समोर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. खानावळ त्यांचीच असावी, कारण गिऱ्हाइकांना त्या कानडीत रागवत होत्या. सगळे त्यांना मार्थव्वा म्हणत होते.

“वाढा. कुणी केली?”

“मीच.”

“छान झालीय. शिरका बाजारातला का?”

“बाजारातला कशाला? घरचा हाये. बाटलीतलं ते काय शिरका व्हय?”

मी मान खाली घालून जेवत राहिलो. गदगची बाई, कानडी बोलणारी. मराठी बोललीच तर विजापूरकडचा हेल यायला हवा होता. हा ‘व्हय’ आमच्या विहिरीवरचा होता.

“मराठी कुठं शिकलात?”

“गिऱ्हाइकाकडून.”

“नगरचं गिऱ्हाईक येतं वाटतं इथं.”

मार्थव्वांनी पळी पातेल्यात ठेवली. “जनगणनावाले फेब्रुवारीत येऊन गेले. तुम्ही मागं राहिलात का?”

“मी जेवायलाच आलोय.”

“मग जेवा.”

मी जेवलो. हात धुतले. पुन्हा येऊन बसलो आणि ताक मागितलं. ताक पिऊन पुन्हा हात धुवायला गेलो. मोरीशेजारच्या दारातून मागचं अंगण दिसत होतं. दोरीवर एक पुरुषाचा सदरा वाळत होता, शेजारी पांढरा एप्रन. मी परत आलो, खडीसाखर मागितली, ती हातात धरून तिसऱ्यांदा मोरीकडे निघालो.

“तिकडं भांडी असतात नुसती,” मार्थव्वा गल्ल्यावरून म्हणाल्या.

“आणि माणूस?”

“असंल तर नाव घ्या त्याचं. बघू येतंय का.”

“लूकस पारखे.”

त्यांनी गल्ल्याचा खण लावला. “आणि तुम्ही?”

“भाचा त्यांचा. नहेम्या. नेमू म्हणतात.”

“असं.” त्यांनी मला पायापासून वर पाहायला सुरुवात केली आणि सावकाश चेहऱ्यापर्यंत आल्या. “तो लिहिणारा.”

मी खडीसाखर तोंडात टाकली.

“बाजारात गेलेत. तीनला येतील. थांबायचं तर थांबा. न थांबलात तरी तुम्ही आल्याचं मी त्यांना सांगायची न्हाई.”

दीड वाजला होता. माझी गाडी सव्वाचारची. मी बाकावर बसलो, उठलो, रस्त्यावर जाऊन आलो, पुन्हा बसलो. गिऱ्हाइकं संपली. मार्थव्वा समोर बसून सुपात लसूण सोलू लागल्या. त्यांनी मला सावलीतली जागाही दाखवली नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

लिहिणारा हे खरं होतं. मामा गेले त्या वेळी मी कंपाऊंडच्या स्टोअरमध्ये कारकून होतो, मामांच्याच शब्दावर लागलेला. पंचांच्या बैठकीत इतिवृत्तही मीच लिहायचो. मिसबाई मायदेशी गेल्यावर बाहेरून येणारा शिरका बंद झाला. बाजारातल्या बाटल्या मामांनी एकदा हुंगल्या आणि परत पाठवल्या. मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी, बंगल्याच्या स्वयंपाकघरामागे, पोत्याखाली झाकलेली एक बरणी मला दिसली. आत उसाचा रस, वर फेस, आणि वास असा की नाक फिरवावं.

आमच्या कंपाऊंडातल्या प्रत्येक घरानं दारूबंदीच्या शपथेवर सही केलेली. मी आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, पाळकसाहेबांना सांगितलं. सांगणं माझं काम होतं असं मला वाटलं. शाबासकी मिळेल असंही वाटलं. पंच जमले. त्यांतल्या इशायाकाकांनी बरणीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, “दारूच.”

मामा म्हणाले, “आज दारूच हाये. अडीच महिने थांबा, शिरका हुईल. शिरका दारूच्या दारातूनच येतो.”

कोणी थांबलं नाही. बरणी तिथेच ओतली. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘लूकस पारखे यांनी सदर पदार्थ दारू असल्याचे कबूल केले.’ मामांच्या वाक्याचा पहिला तुकडा तेवढा मी घेतला. त्यांचं प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतलं नाव, बंद झालं, बंगल्याची चूल गेली. तिसऱ्या दिवशी ते स्वतःही गेले. पुढे मी मंडळीचा चिटणीस झालो आणि पाळकसाहेब माझे सासरे झाले.

तीनला दहा कमी असताना मामा दारात आले. दोन्ही हातांत पिशव्या, त्यातून कोबीचे गड्डे डोकावणारे. केस पांढरे, बाकी तसेच. मला पाहून त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या.

“काय रं नेमू. पोट सुटलं तुझं.”

“सलाम, मामा.”

“सलाम. जेवलास?”

“जेवलो.”

“कोबी?”

“दोनदा.”

“आज गूळ जास्त पडलाय. हिचा हात गोड.”

“हात बरोबर हाये,” मार्थव्वा लसणीवरून मान न उचलता म्हणाल्या. “तुमची जीभ म्हातारी झाली.”

मामा हसले आणि माझ्यासमोर बाकावर बसले. मी सात वर्षं या भेटीची वाक्यं जुळवत होतो.

“आक्का कशी हाये?”

“गुडघे धरतात. बाकी बरी. प्रिस्काचं ठरलंय, मामा.”

“प्रिस्कीचं?” त्यांनी हात गुडघ्यापाशी नेला, वाढवायला घेतली तेव्हा पोर केवढी होती ते दाखवायला, आणि मग काढून घेतला. “कुठं दिली?”

मी सगळं सांगितलं. मास्तर, जालना, मे अखेर, आईचा हट्ट. मामा ऐकता ऐकता उभे राहिले.

“मग बसलाय काय? चल की. सव्वाचारची गाडी हाये.”

“थोडी अडचण आहे.”

“कसली?”

“तुमचं नाव अजून बंदच आहे. बंद माणसाला वेदीपुढं उभं राहता येत नाही. पण मी पाळकसाहेबांशी बोलून ठेवलंय.” मी बॅगेतून कागद काढला. वर्षभर तो बॅगेतच होता, घडीवर पिवळा पडलेला. “एवढ्यावर सही केली की झालं. लग्नाआधीच्या रविवारी वाचायचं. दोन मिनिटांचं वाचन, एक गीत, विषय संपला. कुणी मनावरही घेणार नाही.”

पट्ट्या विकतानाही मी याच आवाजात बोलत असे.

मामांनी कागद लांब धरून वाचला. बोट ओळीखालून सरकत होतं. “‘माझ्या हातून घडलेल्या दारू गाळण्याच्या पापाबद्दल मी पश्चात्तापपूर्वक...’ कुणी लिवलं हे?”

“मी.”

“अक्षर चांगलं तुझं. पयल्यापासून.”

“काय हाये त्यात?” मार्थव्वांनी विचारलं. मामांनी कानडीत सांगितलं. त्यांनी लसणीचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“माझा पहिला नवरा दारूनं मेला. दारूचा वास मला भिंतीपलीकडून कळतो. पाच वर्षं हा माणूस माझ्या चुलीपाशी हाये. एक थेंब न्हाई. तुम्ही कागद घेऊन आला, ते नेऊन दुसरा का आणत न्हाई? ह्यांनी काही केलं न्हाई, असा?”

“त्याला पुरावा लागतो, बाई.”

“पुरावा मघाशी पानात वाढला की तुमच्या. दोनदा घेतलात.”

“मार्था,” मामा म्हणाले. मार्थव्वांनी सूप पुन्हा हातात घेतलं नाही.

मामांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बाहेर टांगेवाल्यानं घोड्याला पाणी दाखवलं. मी घड्याळ पाहिलं. तीन वीस.

“नेमू, एक सांग मला. बरणी तर ओतली. पण भुशाच्या खोलीत मी पिंपही भरून ठेवलं हुतं. तोच रस, एकाच दिवशी घातलेला. त्याचं काय झालं?”

आता हे सांगायलाच हवं.

मामा गेल्यावर अडीच महिन्यांनी मी ती खोली उघडली होती. किल्ली माझ्याकडेच असायची. भुशाखाली मिसबाईंचं ते जुनं पिंप होतं, कंबरेएवढं, जाड लाकडाचं, लोखंडी कड्यांनी आवळलेलं. बूच काढलं आणि वास नाकातून डोळ्यांत गेला. पेलाभर काढून उजेडात धरलं तर पातळ, सोनेरी, तळ दिसेल इतकं नितळ. मी तोंडात घेतलं. शिरका होता. मिसबाईंच्या देशाहून येणाऱ्या बाटल्यांतही नव्हता इतका चांगला शिरका होता.

मी तिथेच भुशावर बसलो. बराच वेळ बसलो असेन. चिटणीसपदासाठी माझं नाव मागच्याच रविवारी वाचलेलं, आणि पाळकसाहेबांच्या लेकीबद्दल, दोर्कसबद्दल, त्यांच्या घरून आईला बोलावणं आलेलं. मग मी उठलो आणि बादली आणली. सात बादल्या झाल्या. सगळा शिरका मागच्या चरात सोडला. दोन दिवस कंपाऊंडभर वास होता. लोक म्हणाले, दवाखान्यात काहीतरी सांडलं असेल. रिकामं पिंप मी स्टोअरच्या यादीत ‘निकामी’ म्हणून चढवलं.

“फुटलं,” मी म्हणालो.

मामा माझ्याकडे बघत राहिले.

“फुटलं?”

“हो. तुम्ही गेल्यावर लगेच. सगळं वाहून गेलं. नाहीतर मी दाखवलं असतं सगळ्यांना.”

“बरं,” मामा म्हणाले.

त्यांनी पेन मागितलं. मार्थव्वा कानडीत काहीतरी भरभर बोलल्या. त्यात मला फक्त ‘आक्का’ कळलं, म्हणजे आई. मामांनी एका शब्दात उत्तर दिलं. बाकावर कागद पसरून त्यांनी सही केली, एकेक अक्षर सुटं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हळू फुंकर घालत राहिले. चहात पडलेली मुंगी बाजूला सारावी तशी.

“आठ दिवसांनी येतो. हिच्याकडं कुणी माणूस बघून देतो आधी. आक्काला सांग, तारीख धर म्हणावं.”

स्टेशनवर ते आले नाहीत. मार्थव्वांनी पानात बांधून भाकरी दिली, माझ्याकडे न पाहता. गाडी सुटली तेव्हा मला हलकं वाटलं. सगळं जमलं होतं. आईचं, प्रिस्काचं, जालनेकरांचं, माझंही. मी वही काढली, ‘गदग’ लिहिलं, आणि पुढे काय लिहावं याचा विचार करताना, दुसरं स्टेशन गेल्यावर, मला ते कळलं.

फुटते ती बरणी. कडी आवळलेलं लाकडी पिंप कधी फुटत नाही. कुजेल, गळेल, सुकून त्याच्या फळ्या सुटतील, पण ते फुटून सगळं लगेच वाहून जात नाही. मामांनी ते पिंप वीस वर्षं रोज पुसलं होतं. म्हणजे मी ‘फुटलं’ म्हटलं त्या क्षणी त्यांना समजलं होतं की मी खोलीत गेलो होतो, बूच काढलं होतं, आणि आत काय होतं ते मला माहीत होतं.

आणि त्यानंतर त्यांनी पेन मागितलं होतं.

मी डब्यात उभा राहिलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काही राहिलं का मागं. मी म्हणालो, नाही.

प्रिस्काचं लग्न थाटात झालं. तिला आता नातवंडं आहेत. मामांनीच हात दिला आणि चौथ्या दिवशी ते गदगला परतले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्याआधीच्या रविवारचं.

देऊळ भरलं होतं. आई पहिल्या बाकावर, मामांची बाही धरून. स्टेशनवर धरली ती तिनं तीन दिवस सोडलीच नव्हती. उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. आईनं बाही सोडली आणि मामा पुढे जाऊन वेदीच्या पायरीशी उभे राहिले. पांढरा सदरा, हात पुढे बांधलेले, नजर फरशीवर.

चिटणीस म्हणून मी वाचलं. “‘मी, लूकस पारखे, माझ्या हातून घडलेल्या दारू गाळण्याच्या पापाबद्दल...’” माझा आवाज स्वच्छ लागला. लहानपणापासून वाचनाला मलाच उभं करत. मागच्या बाकांवर इशायाकाका मान डोलावत होते. आईचे डोळे भरलेले आणि चेहरा हसरा. तिच्या मते तिच्या भावाला आज न्याय मिळत होता.

वाचन संपलं. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “या बाबतीत मंडळीपैकी कोणाला काही सांगायचं आहे काय?”

हा प्रश्न दर वेळी विचारतात. कोणी कधी काही सांगत नाही. चार श्वास थांबायचं आणि पुढे जायचं.

मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाढायला उभा असलेला माणूस पानावर बसलेल्याकडे पाहतो तसं, अजून काही हवंय का म्हणून. हार्मोनियमपाशी बसलेली दोर्कसही माझ्याकडेच पाहत होती, पुढच्या खुणेसाठी. कुणीतरी खोकलं. चार श्वास झाले. पाचवा झाला. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे नजर टाकली. मामा अजून पाहतच होते.

मी हातातला कागद उलटला.

“गीत एकशे बारा,” मी म्हणालो, आणि सगळी मंडळी उभी राहिली. मामा उभेच होते.